साठ हजारांचं पाकीट, हिरवी कॅप्सूल आणि कलेजी

अडुळसा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक निरोप फिरतो: "डी थ्रीची पाकिटं उरली आहेत, कुणाला हवी असतील तर बी विंगमधून घेऊन जा." जुडीतली उरलेली कोथिंबीर वाटावी तशी 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं वाटली जातात. घेणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. व्हिटॅमिनच तर आहे, फार तर उपयोग होणार नाही, अपाय कुठला व्हायला! मी फार्माकॉलॉजी शिकवते. दर वर्षी नवीन वर्गातही हेच ऐकते. 'बी' आणि 'सी'च्या बाबतीत हे बरंचसं खपून जातं (बी सिक्सचा अपवाद आहे, पण तो विषय वेगळा). अ, ड, ई आणि के या चौघांच्या बाबतीत खपत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

ही चार जीवनसत्त्वं तेलातुपात विरघळतात. त्यामुळे ती अंगी लागायला जेवणात थोडी स्निग्धता आणि आतड्यात पित्त असावं लागतं. बिनतेलाची उकडलेली पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यातलं कॅरोटीन फारसं शोषलं जात नाही. वर चमचाभर फोडणी पडली की चित्र बदलतं. पित्तनलिका खड्यानं तुंबलेल्या रुग्णाचं रक्त गोठायला वेळ लागतो, कारण 'के' आत येतच नाही. अशांना शस्त्रक्रियेआधी 'के'चं इंजेक्शन देतात.

आता दुसरी बाजू. यातलं जास्तीचं लघवीवाटे सहजासहजी निघून जात नाही. 'अ' मुख्यतः यकृतात साठतं, 'ड' चरबीत. ही साठवण एरवी वरदानच आहे. आपल्याकडे १९७० पासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे तो याच भरवशावर: नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिट, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. यकृत ते जपून ठेवतं आणि पुरवून पुरवून वापरतं. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात दिसायला जे रोडॉप्सिन लागतं ते 'अ'शिवाय बनत नाही. ते कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग बुब्बुळाच्या बाजूला फेसासारखे बिटॉटचे डाग दिसतात, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर पारदर्शक पटलच विरघळून कायमचं अंधत्व येतं. एक चमचा औषधानं हे टळत असेल तर तो द्यायलाच हवा. पण तो चमचा सहा महिन्यांतून एकदा द्यायचा असतो. तोच रोज दिला तर ते विष होईल.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींनुसार मोठ्या माणसाला 'ड'ची रोजची गरज ६०० युनिट आहे आणि न घाबरता घेता येईल अशी कमाल मर्यादा ४,००० युनिट. 'अ'साठी पुरुषांना १,००० मायक्रोग्रॅम, स्त्रियांना ८४०, आणि कमाल ३,०००. ६०,०००चं पाकीट आठवड्यातून एक घेतलं तरी सरासरी रोजचे साडेआठ हजार होतात, म्हणजे कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त. याचा अर्थ ते पाकीट वाईट असा नाही. कमतरता सिद्ध झालेल्या माणसाला ठरावीक आठवड्यांपुरतं दिलेलं ते औषध आहे. बी विंगमधून आणण्याची वस्तू नाही.

अनुभव असतील तर लिहा. जाणकारांनी भर घालावी.

पेठकर_उशिरा_उठे

चांगला धागा. एक शंका. मागच्या वर्षी 'संपूर्ण शरीर तपासणी' नावाच्या पॅकेजात ड १७ आलं, लॅबनं लाल रंगात छापलं. डॉक्टरांनी आठ आठवडे आठ पाकिटं दिली. नंतर पुन्हा तपासलं तर २६. लॅबच्या कागदावर तेही लाल! कारण त्यांच्या मते ३०च्या वर हवं. आता पुन्हा आठ पाकिटं घ्यायची का? मला काहीही होत नाहीये, सिंहगड चढतो.

अडुळसा

२०च्या खाली कमतरता यावर बहुतेकांचं एकमत आहे. ३०चा आकडा मात्र वादग्रस्त. २०११ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं सांगितलं की हाडांसाठी जवळजवळ सगळ्यांना २० पुरतं. संप्रेरकतज्ज्ञांची एंडोक्राइन सोसायटी आधी ३०चा आग्रह धरायची, तिनंही २०२४ च्या मार्गदर्शनात तो सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नका असं सुचवलं. लॅबचे छापील रकाने मात्र जुनेच आहेत. २६ला आणि सिंहगडाला पुन्हा आठ पाकिटांची गरज मला दिसत नाही. तुमच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: "लाल आहे म्हणून देताय की माझ्यासाठी देताय?"

औषधी_काउंटर

सांगलीकडं माझं मेडिकल आहे. तुम्ही लिहिलंय ते खरं, पण घोळ नक्की कुठं होतो ते काउंटरच्या अलीकडून सांगतो.

चिठ्ठीवर डॉक्टर 'ओडी' लिहितात, म्हणजे रोज एक. 'ओडब्ल्यू' लिहितात, म्हणजे आठवड्याला एक. आता घाईत लिहिलेला डब्ल्यू कसा दिसतो ते बघा कधीतरी. खाली बीपीच्या, साखरेच्या, आम्लपित्ताच्या गोळ्या, सगळीकडं ओडी. मधेच एक ओडब्ल्यू. घरी म्हातारं माणूस सगळ्या गोळ्या एका डब्यात टाकतं आणि सकाळी चहाबरोबर सगळं एक एक घेतं. त्यात ही पावडर गोड, दुधात घालून छान लागते. औषध वाटतच नाही.

मी चारपेक्षा जास्त पाकिटं एका वेळी देत नाही आणि प्रत्येकावर मार्करनं "फक्त रविवार" लिहितो. 'आठवड्यातून एकदा' लिहून चालत नाही, वाराचं नाव लागतं. एका आजोबांनी बाजार मंगळवारचा म्हणून मंगळवार करून घेतला. चालतंय की.

गोटीसोडा

वरच्या प्रतिसादावर +१००. आमच्या नात्यात हेच झालंय. माझे मावस सासरे, वय सत्तरीच्या पुढे, एकटे राहणारे, काटेकोर. गुडघेदुखीसाठी लिहून दिलेलं पाकीट त्यांनी रोज घेतलं. काटेकोर असल्यामुळे एक दिवसही चुकवलं नाही!

सुरुवात तहानेनं झाली. सारखं पाणी, सारखी लघवी, म्हणून सगळ्यांना वाटलं साखर वाढली. ती नॉर्मल. मग बद्धकोष्ठ, मळमळ, जेवण बंद. त्यांनी स्वतःच निदान केलं, 'पित्त'. मग एक दिवस फोनवर मला माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या नावानं हाक मारायला लागले. आम्ही धावत गेलो. हॉस्पिटलमधल्या एका निवासी डॉक्टर मुलीनं रक्तातलं कॅल्शियम तपासायला लावलं. १० पर्यंत असायला हवं ते १४ च्या जवळ. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) वाढलेलं. तिनं विचारलं, "घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी आणा." पिशवीत रिकामी पाकिटं रबरबँड लावून जपून ठेवलेली होती, हिशेबाला.

सलाईन, स्टिरॉइड दिलं; कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध बंद केलं. वाचले. पण पाकीट बंद केल्यावर चार दिवसांत सगळं उतरेल असं आम्हाला वाटलं होतं, तसं झालं नाही. कित्येक महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावं लागलं. चरबीत साठलेलं हळूहळू रक्तात येत राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मूत्रपिंडं पूर्वीसारखी झाली नाहीत ती नाहीतच.

अडुळसा

गोटीसोडा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचणाऱ्यांसाठी यामागचं कारण: 'ड'चं मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणं. ते अति झालं की जेवणातलं कॅल्शियम जास्त ओढलं जातं, हाडांतूनही सुटतं, आणि रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडावर घाव घालतं. तहान, लघवी, बद्धकोष्ठ, गोंधळ ही सगळी त्या कॅल्शियमची लक्षणं. त्यामुळे ड घेणाऱ्या माणसाला असं काही होऊ लागलं तर फक्त साखर तपासून थांबू नका.

दंडात किंवा कमरेत ६ लाख युनिटचं एकच इंजेक्शन देण्याचीही पद्धत आपल्याकडे आहे. एकदा टोचलं की ते परत काढता येत नाही, हे लक्षात घेऊन पुन्हा दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या डॉक्टरकडून दुसरं घेऊ नका.

तर्कटपंजी

हे सगळं गोळ्या-पाकिटांचं खूळ आहे. आमची आजी ९१ वर्षं जगली, एक पाकीट घेतलं नाही. घरचं तूप आणि सकाळचं कोवळं ऊन. बाळांना तेल लावून अंगणात कोवळ्या उन्हात ठेवायची. त्या पिढीची हाडं बघा आणि आजची बघा.

डॉ_खडीसाखर

तर्कटपंजी, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि तुमच्या आजींच्या बाजूनंच बोलणार आहे, पण कोवळ्या उन्हाच्या नाही.

त्वचेत 'ड' बनायला यूव्हीबी हे अतिनील किरण लागतात. सकाळी सूर्य खाली असतो, किरण तिरके येतात, वातावरणातला त्यांचा प्रवास लांबतो आणि ओझोन त्यातला यूव्हीबी जवळजवळ सगळा गिळतो. कोवळ्या उन्हात ऊब मिळते, बाळाला बरं वाटतं, 'ड' मात्र नगण्य मिळतं. 'ड' बनतं ते साधारण ११ ते ३ च्या उन्हात. सोपी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असली पाहिजे. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. आपली त्वचा सावळी, त्यामुळे गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो.

तुमच्या आजींच्या हाडांमागे बहुधा भर दुपारची शेतातली कामं, उघडे हात-पाय आणि आयुष्यभराचं चालणं असणार. तुपात 'अ' थोडंफार असतं, 'ड' फारच कमी. आज मुंबईत एसी कॅब, एसी ऑफिस, परतताना अंधार. देशभर ऊन असूनही कमतरता सर्रास सापडते ती यामुळे.

एक चांगली गोष्ट: उन्हानं 'ड'ची विषबाधा होत नाही. ठरावीक प्रमाणापुढे त्वचाच जास्तीचं निकामी पदार्थांत बदलते. ही सोय पाकिटात नाही.

तर्कटपंजी

आजी दुपारी १२ला भात कापायला जायची हे मान्य. कोवळ्या उन्हाचा मुद्दा सोडला. तुपाचा सोडणार नाही.

नवखी_आई

डॉक्टर, तुम्ही आहातच तर विचारते. लेक नऊ महिन्यांची. लाल भोपळा, गाजर आणि रताळं फार आवडतं म्हणून रोज तेच देते. आता तिचं नाक, तळहात आणि तळपाय पिवळे दिसतायत. सासूबाई म्हणतात कावीळ. आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत, त्यातून अ जास्त झालं असेल का?

डॉ_खडीसाखर

डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे का आणि शू नेहमीसारखी फिकी आहे का ते बघा. तसं असेल तर बहुधा कॅरोटीन त्वचेत उतरलंय. भाज्यांतलं बीटा कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच 'अ'मध्ये बदलतं, त्यामुळे भोपळा-गाजर-आंबा-पपईनं 'अ'ची विषबाधा होत नाही. रंग तेवढा चढतो. भाज्या आलटून पालटून दिल्या की काही आठवड्यांत उतरतो. पण कावीळ नाही हे समोर पाहूनच ठरवायचं असतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. डोळे पिवळे असतील तर आजच जा.

थेंबांचं जास्त महत्त्वाचं. बाळाला रोज ४०० युनिट 'ड' लागतं. बाजारात काही बाटल्यांत १ मिलीत ४०० असतं, काहींत ८००. बाटली सारखीच, ड्रॉपर सारखाच. दुकानात नेहमीची नव्हती म्हणून दुसरी आणली आणि ड्रॉपर मात्र पूर्वीसारखाच १ मिलीच्या खुणेपर्यंत भरला, हे मी वरचेवर बघतो. बाटली बदलली की लेबलावरचं 'प्रति मिली' वाचायचं.

अवांतर: जन्मल्याबरोबर मांडीत जे इंजेक्शन देतात ते 'के'चं, १ मिलिग्रॅम. नवजात बाळाच्या अंगात 'के'चा साठा नसतो आणि आईच्या दुधातही ते फार कमी असतं. ते न दिलेल्या बाळांपैकी काहींना पहिल्या काही महिन्यांत मेंदूत रक्तस्राव होतो. कुणी 'एवढ्याशा जिवाला सुई कशाला' म्हणालं तर ऐकू नका.

मुक्कामपोस्ट_लीड्स

इंग्लंडमधून. इथे ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की भर दुपारी उघडं बसलं तरी 'ड' बनत नाही. म्हणून इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते; आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा म्हणते. आता गंमत बघा. इथल्या बाटलीवर मायक्रोग्रॅम, भारतातून बॅगेत आणलेल्या पाकिटावर युनिट. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. १० म्हणजे ४००. पाकीट म्हणजे १,५००. इथल्या एका मराठी काकूंना १० आणि ६०,०००ची तुलना करून इथली औषधं 'पाणचट' वाटायची.

इंग्लंडनंही याचा चटका खाल्लाय. युद्धानंतर बाळांच्या दूध पावडरीत, तृणधान्यांत आणि वर कॉड लिव्हर तेलात, सगळीकडे 'ड' घातलं गेलं. १९५०च्या दशकात काही बाळांत रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं सापडू लागलं आणि सरकारनं सगळीकडचं प्रमाण कमी केलं. एकटं कुणीच जास्त देत नव्हतं. बेरीज कुणी करत नव्हतं.

दुधीहलवा

हे वाचून आता काळजी वाटायला लागली. आमच्या दुधाच्या पिशवीवर आणि तेलाच्या पिशवीवर दोन्हीकडे निळं '+एफ' आहे, म्हणजे अ आणि ड घातलेलं. वर आई कॅल्शियमची गोळी घेते त्यातही ड. आपलीही बेरीज वाढत असेल?

अडुळसा

चला, बेरीजच करू. तेलात नियमानुसार ग्रॅमला ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम 'ड' असतं. दिवसाला माणशी २० ग्रॅम तेल धरा: जास्तीत जास्त ३.२ मायक्रोग्रॅम. तळताना थोडं जातं ते सोडून द्या. दुधात लिटरला ५ ते ७.५, अर्धा लिटर प्यायलात तर फार तर ३.७५. दोन्ही मिळून ७च्या आत, म्हणजे २८० युनिट. रोजच्या गरजेच्या निम्मंही नाही. 'अ'चंही तसंच: तेलातून २०० आणि दुधातून २२५ मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही.

आईच्या कॅल्शियमच्या गोळीत बहुतेक २५० किंवा ५०० युनिट असतील, लेबल बघा. दोन घेत असतील तरी सगळं मिळून ४,०००च्या बरंच खाली राहतं. तेव्हा '+एफ' बिनधास्त घ्या. बिघडतं ते पाकीट, इंजेक्शन आणि मल्टीव्हिटॅमिन एकमेकांना न विचारता एकाच अंगात गेले की.

बखरकार_बंडू

इतिहासाचा तुकडा टाकतो, राहवत नाही.

डग्लस मॉसनच्या अंटार्क्टिका मोहिमेत १९१२ च्या डिसेंबरात रसद असलेली, कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी आणि एक साथीदार बर्फाच्या भेगेत गेले. उरलेले मॉसन आणि झेवियर मर्ट्झ आपले हस्की कुत्रे एकेक करून खात परत निघाले. यकृत मऊ, म्हणून तेही खाल्लं. दोघांची कातडी सोलून निघायला लागली, मर्ट्झला भ्रम झाला आणि जानेवारी १९१३ मध्ये तो गेला. मॉसनच्या तळपायांची सालं सुटी झाली, ती त्यानं परत बांधून चालत राहिला! हस्कीच्या यकृतात 'अ' प्रचंड असतं. त्याची विषबाधा झाली असावी हा तर्क पुढं १९६९ मध्ये मांडला गेला. काही जण उपासमार आणि थंडीच जबाबदार म्हणतात. ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाऊ नये हे मात्र उत्तरेकडच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं.

आणि त्याच १९१३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या बलकात उंदरांना वाढवणारा एक घटक दाखवला. तेच 'अ'. पुढं १९२४ साली तिथेच हॅरी स्टीनबॉकनं अन्नावर अतिनील किरण टाकून त्यात 'ड' तयार करून दाखवलं. त्याच्या पेटंटमधून विद्यापीठाची संशोधन संस्था निघाली, नाव 'वॉर्फ'. मग १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी हिमवादळातून मेलेली गाय, सडलेल्या क्लोव्हर गवताचा भारा आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन त्याच विद्यापीठात कार्ल लिंकच्या दारात उभा राहिला. त्या गवतात 'के'चं काम अडवणारं द्रव्य निघालं. त्यावरून 'वॉर्फ'च्या नावाचं वॉरफरिन बनलं, १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि काही वर्षांत माणसांच्या हृदयासाठी. १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना ते दिलं होतं.

चारातल्या तिघांची गोष्ट एकाच गावात. दुभत्या जनावरांचा मुलूख, त्याचाही हात असेल.

मेथीची_जुडी

बखरकार, तुमच्या शेवटच्या परिच्छेदामुळे लिहिते. वडिलांची हृदयाची झडप बदलली आहे, कृत्रिम. रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिनोकोमॅरॉल चालू आहे. कुणीतरी सांगितलं की पालेभाजीतलं के औषध निकामी करतं, म्हणून त्यांनी मेथी, पालक, अळू, कोथिंबीरसुद्धा बंद केली आहे. भाकरीबरोबर नुसतं पिठलं. हे कायम असंच चालवायचं का?

अडुळसा

नाही हो, उलट! हे औषध यकृतात 'के'चं काम अडवतं, म्हणून रक्त लवकर गोठत नाही. डोस ठरवला जातो तो तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या हिशेबानं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघून. अडचण भाजी खाण्यानं होत नाही, अचानक फरक पडल्यानं होते. महिनाभर पालेभाजी बंद आणि मग हुरड्याच्या दिवसांत आठवडाभर रोज मेथी, असं झालं की आयएनआर घसरतो आणि झडपेवर गुठळी बसायची भीती. मुळीच न खाणाऱ्यांचा आयएनआर तर वरखाली जास्त होतो. आठवड्यात दोन-तीनदा बेताची पालेभाजी, सतत तेवढीच, हे उत्तम. पण आता बंदच आहे तर सुरू करताना आधी डॉक्टरांना सांगा, आयएनआर जवळच्या तारखेला करा.

आजकाल 'ड'बरोबर के टू जोडलेल्या गोळ्या जोरात खपतायत. निरोगी माणसाला त्यानं इजा झाल्याचं दिसत नाही, 'के'ला कमाल मर्यादाही ठरवलेली नाही. पण तुमच्या वडिलांसारख्यांनी ती गोळी डॉक्टरांना न विचारता घ्यायची नाही. औषधावर पाणी पडेल.

झणझणीत_तर्री

'ई'च्या हिरव्या कॅप्सूलबद्दल कुणीच बोललं नाही! शीर्षकात आहे. आमच्या हॉस्टेलवर निम्म्या मुली रात्री टाचणीनं फोडून तोंडाला लावतात, उरलेल्या गिळतात.

अडुळसा

ई पेशींच्या आवरणातल्या चरबीला खवट होण्यापासून वाचवतं. रोज १०-१५ मिलिग्रॅम पुरतं आणि शेंगदाणे, बदाम, करडई-सूर्यफुलाचं तेल खाणाऱ्या घरात त्याची कमतरता सहसा होत नाही. कॅप्सूल ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे सत्तावीस ते चाळीस पट. तोंडाला लावून काही जणींना पुरळ येतं, बाकी फारसं काही होत नाही, चांगलंही नाही. गिळणाऱ्यांसाठी: अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली, रोज ४०० युनिट ई देऊन प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे बघायला. २०११ मध्ये निकाल आला तो उलटा, ई घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्के जास्त. शिवाय रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांत रक्तस्राव वाढू शकतो. पोटरीत गोळे येतात म्हणून वर्षानुवर्षं घेणारे बरेच काका आहेत, त्यांनी एकदा थांबून डॉक्टरांना कारण विचारावं.

बीटा कॅरोटीनचंही असंच झालं होतं. भाजीतून निर्धोक, पण फिनलंडमध्ये १९९४ साली विडी-सिगारेटवाल्यांना रोज २० मिलिग्रॅमची गोळी दिली तर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. धूम्रपान करणाऱ्यांनी कॅरोटीनच्या गोळ्या घेऊच नयेत.

सुक्कं_आणि_सोलकढी

कलेजीचं राहिलं. वहिनीला दुसरा महिना आहे, हिमोग्लोबिन कमी, म्हणून आई आठवड्यातून दोनदा बकऱ्याची कलेजी खाऊ घालते. लोहासाठी चांगलं ना?

डॉ_खडीसाखर

लोहासाठी चांगलं, पण या महिन्यांत नको. कलेजीत 'अ'चं तयार रूप, रेटिनॉल असतं, १०० ग्रॅममध्ये कमाल मर्यादेच्या कितीतरी वर. बाळाचे अवयव घडत असताना रेटिनॉल अति झालं तर चेहरा, हृदय, मेंदूत व्यंग येऊ शकतं. एकदोनदा खाल्लं म्हणून घाबरून जाऊ नका, पण आता थांबवा आणि त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. लोह-फॉलिक अ‍ॅसिडची सरकारी गोळी कधीपासून ते त्यांना विचारून घेऊ दे, मटण-मासळी, कडधान्यं, वर लिंबू. 'अ' लागेल तेवढं पालेभाज्या आणि पपईसारख्या फळांतून येतं (पपई म्हटलं की आई रागावेल, म्हणून आंबा म्हणतो). मल्टीव्हिटॅमिन किंवा कॉड लिव्हरच्या कॅप्सूल चालू असतील तर त्याही दाखवा.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलींनीही हे वाचावं. ते 'अ'चंच भावंड. त्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, यात तडजोड नाही.

पेठकर_उशिरा_उठे

माझा प्रश्न सुटला, आता आईचा. तिला डॉक्टरांनी खरोखरच रविवारचं पाकीट दिलंय. या रविवारी लग्नाच्या गडबडीत राहिलं. पुढच्या रविवारी दोन घ्यायची का? आणि उपाशीपोटी की जेवून?

औषधी_काउंटर

दोन एकदम नकोत. आठवलं त्या दिवशी एक घ्या, पुढचं ठरल्या रविवारीच. उपाशीपोटी नको, दुपारच्या मुख्य जेवणानंतर दुधातून. आणि आठ झाली की संपलं, नववं मागायला आलात तर मी चिठ्ठी मागणार.